आधी मशीनची पाठ बघा

जून-जुलै उजाडला की फी, पुस्तकं, हॉस्टेलचं डिपॉझिट या सगळ्याच्या जोडीला हल्ली घरात आणखी एक मागणी येते. "बाबा, मला दुसरा मॉनिटर हवाय." एक चांगला चालू आहे, मग दुसरा कशाला, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि मनातल्या मनात दुसरा: म्हणजे आता गेम दोन-दोन पडद्यांवर? पालकहो, या दोन्ही शंकांत वावगं काही नाही. मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत कुणी ना कुणी आई-बाबा घडी घातलेला कागद माझ्यासमोर उलगडतात आणि विचारतात, "मॅडम, एवढं सगळं खरंच लागतं का हो?" कागद म्हणजे दुकानदाराचं कोटेशन. त्याची पहिली ओळ मॉनिटरची असते. खाली उतरता उतरता त्यात नवा प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, मोठा एसएमपीएस आणि लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट शिरलेलं असतं. मॉनिटर आठ-दहा हजारांचा, आणि तळाची बेरीज बघून बाबांना धाप लागलेली.

तेव्हा आज जरा निवांत बोलूया. माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरा मॉनिटर ही स्वस्तातली आणि बऱ्याचदा रास्त मागणी असते. महाग पडतं ते तिच्या आडून घरात येणारं बाकीचं सामान.

आधी गरजेचं. मुलगी सीएची आर्टिकलशिप करत असेल, तर एका पडद्यावर बँकेचं स्टेटमेंट आणि दुसऱ्यावर टॅली किंवा एक्सेल, असं तिचं दिवसभर चालतं. एकच पडदा असला की ती आकडा डोक्यात धरून खिडकी बदलते, तिकडे जाईपर्यंत तो विसरते, परत मागे येते. कोड लिहिणाऱ्या मुलालाही तेच: इकडे कोड, तिकडे तो चालवल्यावर काय झालं ते. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला एकीकडे प्लॅन आणि दुसरीकडे संदर्भाचे फोटो लागतात. व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्याची टाइमलाइन तर एका पडद्यात मावतच नाही. यांची मागणी खुशाल ऐका. पण बारावीचा मुलगा जेईई-नीटची तयारी करतोय आणि क्लासचे व्हिडिओ बघायला दुसरा पडदा मागतोय, तर मी स्पष्टच सांगते, त्याला त्याची गरज नाही. त्याच्यासमोर वही उघडी हवी. दुसऱ्या पडद्यावर पंधरा मिनिटांत व्हॉट्सॲप आणि क्रिकेटचा स्कोअर येऊन बसतो, हे मी लॅबमध्ये रोज बघते.

खात्री होत नसेल तर पैसे घालवण्याआधी एक करून बघा. हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय असतं. संगणक किंवा लॅपटॉप टीव्हीजवळ नेऊन केबल जोडा, कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबा आणि 'एक्स्टेंड' निवडा. झाले दोन पडदे. आठवडाभर अभ्यास असाच करू द्या. टीव्हीवर अक्षरं जरा पसरट दिसतील, कडा कापल्यासारख्या वाटतील, मालिकेच्या वेळी घरात वादही होतील. पण मूल त्या जास्तीच्या जागेचं नेमकं करतं काय, ते तुम्हाला न विचारता कळेल. मागणी हौसेची असेल तर चौथ्या दिवशी केबल गुंडाळून ठेवलेली दिसते.

आता मुख्य काम. दुकानात जाण्याआधी घरच्या मशीनची पाठ बघायची. मुलाला सांगा, मोबाइलचा टॉर्च घे आणि माझ्याबरोबर टेबलाखाली ये. कॅबिनेटच्या मागे, वरच्या बाजूला, यूएसबीच्या खाचांच्या शेजारी मदरबोर्डची तोंडं असतात. निळं, पंधरा भोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं ते व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणलेलं हे जोडणीचं तंत्र अजून आपल्या टेबलाखाली नांदतंय. चपटं, खालचे दोन्ही कोपरे आत वळलेलं ते एचडीएमआय. जवळपास तसंच, पण एकच कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट. याच्या बऱ्याच पिनांवर एक छोटा खटका असतो; तो दाबल्याशिवाय पिन ओढायची नाही, नाहीतर तोंडच उचकटून हातात येतं. आता या तोंडांच्या बऱ्याच खाली, आडव्या पट्टीत आणखी दोन-तीन तोंडं दिसली तर समजा, मशीनमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड आहे. मग दोन्ही मॉनिटर त्या खालच्या पट्टीतच लावायचे. कार्ड बसवल्यावर वरची तोंडं पुष्कळदा बंद असतात, आणि "नवा मॉनिटर खराब निघाला" म्हणून परत नेलेले कितीतरी मॉनिटर निव्वळ चुकीच्या तोंडात लावलेले असतात.

ही तोंडं मोजून कागदावर लिहा. स्वस्तातल्या मदरबोर्डांवर बहुधा एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असतं. पहिला मॉनिटर एचडीएमआयवर असेल तर दुसरा असा घ्या की ज्याला व्हीजीएचं तोंड आहे. आजही असे नवे मॉनिटर मिळतात. किंवा जुना व्हीजीएवर टाका आणि नवा एचडीएमआयवर. व्हीजीएवर चित्र अंमळ मऊ दिसतं, एवढंच. खर्च शून्य.

आणि कृपा करून दुकानदाराने "हा स्प्लिटर लावा, एका एचडीएमआयचे दोन होतील" म्हटलं तर घेऊ नका. एका नळाला दोन तोट्या लावल्या तरी पाणी तेच येतं. स्प्लिटरने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसतं. मंगल कार्यालयात लग्नाचं चित्रीकरण चार ठिकाणी दाखवायला तो ठीक. अभ्यासाला वेगवेगळी चित्रं हवीत, त्याला तोंडंही वेगवेगळी हवीत. कन्व्हर्टर घ्यावाच लागला तर दिशा नीट सांगा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलटी लावून चालत नाही. संगणकाला काय आहे आणि मॉनिटरला काय आहे, हे त्याच क्रमाने दुकानात बोला.

आता कोटेशनमधली सगळ्यात जड ओळ: ग्राफिक कार्ड. "दोन मॉनिटर म्हणजे ग्राफिक कार्ड लागणारच" हे वाक्य तुम्ही मुलाच्या आणि दुकानदाराच्या, दोघांच्या तोंडून ऐकाल. शांतपणे एक हिशेब करा. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर एका पडद्याचं चित्र सुमारे आठ एमबीत बसतं. दोन पडद्यांचं सोळा. मोबाइलमधले दोन-चार फोटो याहून जास्त जागा खातात. एक्सेल, कोड, पीडीएफ, ब्राउझर यांच्यासाठी दोन पडदे चालवणं प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सला डाव्या हाताचा मळ आहे. कार्ड लागतं ते पडद्यांच्या संख्येमुळे नाही, त्यावर चालणाऱ्या कामामुळे: ब्लेंडरमध्ये रेंडर करायचं असेल, मोठे थ्रीडी मॉडेल फिरवायचे असतील, जड व्हिडिओ कापायचे असतील. आणि हो, गेम. मुलाला गेमसाठी कार्ड हवं असेल तर त्याने तसं सांगावं आणि तुम्हीही डोळे वटारू नयेत. पंचवीस हजारांची हौस अभ्यासाच्या नावावर खपवण्यापेक्षा हौस म्हणूनच मागितलेली बरी; मग तिचा विचार वाढदिवसाच्या, दिवाळीच्या खात्यात करता येतो.

इथे एक बारीक अक्षर मात्र नीट बघा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. त्याच क्रमांकाच्या एफ नसलेल्या १२४०० मध्ये असतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलटं आहे: ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एफवाला प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये तो घातलेला असतो आणि मग कार्ड घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही, कारण कार्डाशिवाय मदरबोर्डच्या एकाही तोंडातून चित्रच येत नाही. हजार-दीड हजार वाचवायला जाऊन वीस हजारांची ओळ वाढते. नवं मशीन जुळवून घेत असाल तर माझी शिफारस साधी आहे: आतलं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, किमान दोन डिजिटल तोंडं असलेला मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम, एसएसडी. कार्डाची जागा रिकामी सोडा. तिसऱ्या वर्षी खरंच लागलं तर तेव्हा घाला. दिव्यांच्या कॅबिनेटबद्दल मी काही बोलत नाही. गणपतीत आरास करायला बाजारात वेगळ्या माळा मिळतात.

लॅपटॉपवाल्या घरांचा प्रश्न जरा वेगळा. लॅपटॉपला स्वतःचा पडदा असतोच, म्हणजे एकच बाहेरचा मॉनिटर घेतला की दोन पडदे झाले. एचडीएमआय असेल तर प्रश्न मिटला. घोटाळा होतो टाइप-सीपाशी. ते गोलसर छोटं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं, पण त्यातून चित्र बाहेर जाईलच असं नाही. काही लॅपटॉपवर त्यातून फक्त पेनड्राइव्ह चालतो, काहींवर चार्जिंगही, काहींवर चित्रसुद्धा. तोंडाशेजारी डिस्प्लेपोर्टचं डी-पीसारखं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर चित्र जातं. काहीच चिन्ह नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर आपलं नेमकं मॉडेल काढून बघा, मगच टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. आणि ॲपलचं मशीन असेल तर: एम१ आणि एम२ चिपचा मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. एम३ चा एअर दोन चालवतो, पण झाकण मिटून. एम४ पासून झाकण उघडं ठेवून दोन चालतात. मुलीने एम१ साठी दोन मॉनिटरची यादी आणली असेल तर आधी हे वाक्य तिला वाचून दाखवा. डिस्प्लेलिंकचे डॉक लावून यातून वाट काढता येते, पण ते महाग असतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळावं लागतं.

मॉनिटर निवडताना आकाराचा मोह आवरा. २४ इंचांवर फुल एचडी छान दिसतं: इंचाला साधारण ९२ ठिपके. तेच फुल एचडी २७ इंचांवर ताणलं की इंचाला ८२ उरतात आणि अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. २७ इंच घ्यायचाच असेल तर २५६० गुणिले १४४० चा घ्या. पॅनल आयपीएस असावं, म्हणजे तिरक्या कोनातूनही रंग बदलत नाहीत. दोन पडद्यांत एक कायम तिरकाच असतो, म्हणून हे इथे जास्त महत्त्वाचं. १४४ हर्ट्झ, वक्र पडदा, यांचा अभ्यासाशी संबंध नाही. दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असले तर दिसायला सुरेख, पण आग्रह धरू नका. काकांच्या ऑफिसातून निघालेला जुना मॉनिटर दुसरा म्हणून मजेत चालतो. रंग थोडे वेगळे दिसतील, एवढंच.

मी मात्र एका गोष्टीवर अडून बसेन: उंची कमी-जास्त होणारा स्टँड. स्वस्त मॉनिटरचा पाय ठेंगणा आणि पक्का असतो. मूल मान खाली घालून तासन् तास बसतं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केला तर बोटं पडद्याला टेकतील एवढं. रोजच्या कामाचा पडदा बरोबर समोर, दुसरा बाजूला थोडा आत वळवलेला. दोन्ही सारखे ठेवून मधल्या फटीसमोर बसण्याची फॅशन दिसायला चांगली, पण जो दिवसभर एकाच पडद्यावर लिहितो त्याची मान कायम एका बाजूला वळलेली राहते. उंचीचा स्टँड परवडत नसेल तर बोर्डाच्या जुन्या गाइडांची चळत खाली ठेवा. त्यांचा कुठे तरी उपयोग व्हावा.

मॉनिटर आर्मचं वेड आलंय हल्ली. मुलं व्हिडिओ बघून मागतात. आर्म घ्यायचा तर मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूची भोकं हवीत, एकमेकांपासून ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर. आधी ती आहेत का बघा. मग टेबल बघा. आपल्याकडची बरीच स्टडी टेबलं भुश्याच्या दाबलेल्या फळीची असतात. आर्मची पकड त्या फळीच्या काठाला घट्ट आवळली आणि दोन मॉनिटरचं वजन पुढे लोंबायला लागलं की काही महिन्यांत सनमायका फुगतो आणि काठाचा तुकडा सुटतो. अशा टेबलावर आर्म नकोच. टेबलाची खोली फुटपट्टीने मोजा. अठरा इंच खोल टेबलावर कीबोर्ड ठेवला की पडदा नाकाला लागतो. निदान चोवीस इंच हवी. दुसऱ्या मॉनिटरपेक्षा टेबल आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची यांच्यावर आधी पैसे घाला, हे ऐकायला मुलांना आवडत नाही, पण पैसे देणारे तुम्ही आहात. खिडकी पडद्याच्या पाठीमागे किंवा थेट समोर नको, बाजूला असू द्या. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा नियम आहे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात म्हणून.

विजेचं थोडक्यात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार घेतो. २४ इंची एलईडी मॉनिटर वीसेक वॅट खातो, त्यामुळे ग्राफिक कार्ड नसलेलं मशीन आणि दोन मॉनिटर त्यावर आरामात निभावतात, फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्याइतका वेळ मिळतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधी लावू नका. आणि खोलीतल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या वाड्यात आणि भाड्याच्या खोल्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर आहे, शिवाय ऑनलाइन आहेच. किमतीत थोडा फरक पडतो, पण गावाकडच्या मंडळींनी आधी विचारायचं ते हे की मॉनिटर बिघडला तर कंपनीचा माणूस आपल्या तालुक्यात येतो का, की मॉनिटर पाठीवर टाकून जिल्ह्याला जायचं. मॉनिटरवर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. ती बिलावर आणि बिलावरच्या सीरियल नंबरवर चालते. "बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचेल" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. मॉनिटर तिथेच लावून दाखवायला सांगा. पडदा पूर्ण पांढरा, मग काळा, मग लाल, हिरवा, निळा करून बघा. मेलेला ठिपका असेल तर तेव्हाच दिसतो. खोक्यात केबल कोणती आहे ते उघडून बघा. बऱ्याचदा फक्त एचडीएमआयची असते आणि तुम्हाला नेमकी दुसरी हवी असते.

कोटेशन मुलाकडूनच लिहून घ्या, दुकानदाराकडून नाही. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला ती कशासाठी लागते ते एका वाक्यात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने अशी यादी माझ्यासमोर तिच्या आईला वाचून दाखवली. मॉनिटर: "रिझल्ट आणि कोड एकत्र बघायला." केबल: "आपल्या मशीनला डिस्प्लेपोर्ट मोकळं आहे म्हणून." ग्राफिक कार्डापाशी ती थांबली, पेन उचललं आणि स्वतःच ती ओळ खोडली. आईने फक्त विचारलं, "आणि खुर्ची?" ती यादीत नव्हती. मग ती घातली.

सामान घरी आलं की जोडणी मुलालाच करू द्या. पहिल्या दिवशी एक तक्रार हमखास येते: मॉनिटर डावीकडे ठेवलाय, पण माउस उजवीकडून पलीकडे जातो. दुरुस्तीवाल्याला फोन करू नका. डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. २ नंबरचा चौकोन माउसने ओढून १ च्या डावीकडे आणायचा आणि अप्लाय म्हणायचं. एक मॉनिटर उंच असेल तर तो चौकोनही तसाच थोडा वर सरकवायचा. आणि थर्माकोलसकट दोन्ही खोकी माळ्यावर जपून ठेवा. पुढच्या वर्षी कॉलेज दुसऱ्या शहरात लागलं तर पडदे एसटीने जायचे आहेत. आणि हॉस्टेलच्या खोलीतलं टेबल किती लांब आहे, ते तिथल्या वॉर्डनना आधी विचारून घ्या.